डुलकीतलं धुकं

ज्या काळात लोकांना झोपसुद्धा इंटरनेटवरून मागवावी लागायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. फार लांबचा काळ नाही, उगाच घाबरू नका. आंबे तेव्हाही महागच होते.

जगातली सगळी ऑफिसं डुलकी काढणाऱ्याला झापतात. कोल्हापुरातल्या या कंपनीचं मात्र नावच 'डुलकी' होतं, आणि दुपारचा डबा खाऊन झाला की कानाला हेडफोन लावून आडवं होणं हा तिथं कामाचा भाग होता. या कामात रोहिणी मगदूमचा हात धरणारं कुणी नव्हतं. ती कुठंही, कशीही झोपायची. शेजारच्या टेबलावरचा इम्तियाज मुजावर म्हणायचा, "ताई, तुम्हाला पगार द्यायच्या ऐवजी उशी दिली तरी चालेल."

'डुलकी' ही एक वेबसाइट होती. ती उघडायची, फोन उशाशी ठेवायचा आणि लहानपणी ऐकलेलं जे काही आठवत असेल ते थोडा वेळ गुणगुणायचं. सूर लागला नाही तरी चालतंय, शब्द चुकले तरी चालतंय. साइट तुमचा श्वास ऐकते आणि मग तुमच्या भागातल्या पाहुण्यांनी, म्हणजे साइटवर येणाऱ्या इतर माणसांनी, दिलेल्या असल्याच गुणगुणण्यांचं मिश्रण करून तुम्हाला परत ऐकवते. लय तुमच्या श्वासापेक्षा किंचित सावकाश. शरीर मोठं आज्ञाधारक असतं. गाणं रेंगाळलं की श्वासही रेंगाळतो आणि माणूस कधी झोपला ते त्याचं त्याला कळत नाही. सांगलीच्या माणसाला सांगलीची अंगाई, दापोलीच्या माणसाला दापोलीची. झोप माणसाला त्याच्या बोलीतच लागते असं कंपनीचं म्हणणं होतं आणि त्यात काही खोटं नव्हतं.

पण विचार करा. माणूस एकवेळ पाकिटातल्या नोटा दाखवेल, आईनं म्हटलेली अंगाई चारचौघांत म्हणणार नाही. लाखो माणसं ती या साइटच्या कानात म्हणत होती. ती बाहेर फुटू नये हे बघणं ही रोहिणीची नोकरी. पाटीवर लिहिलं होतं 'खासगीपणा अधिकारी'. ऑफिसातले लोक म्हणायचे 'धुकेवाली बाई'.

साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत एक पान असतं, जे कुणी म्हणजे कुणी वाचत नाही, ते रोहिणीनं स्वतः लिहिलं होतं. वकिली भाषा काढून टाकून साध्या मराठीत. "आम्ही तुमचं नाव विचारत नाही. तुम्ही कोण हे लक्षात ठेवत नाही. उद्या परत आलात तरी आम्ही तुम्हाला नवेच पाहुणे समजू." या तीन वाक्यांचा तिला फार अभिमान होता. पुढं जे घडलं ते नेमकं त्यातल्या तिसऱ्या वाक्यामुळं घडलं.

धुकं हा इम्तियाजचा प्रांत. धुक्याच्या सकाळी रंकाळ्यावर उभं राहिलं तर तळ्याचा काठ कुठं वळतो ते साधारण कळतं, समोरून कोण बाई येतेय ते कळत नाही. तसंच. प्रत्येक गुणगुणण्यात त्याचं यंत्र थोडी भेसळ करायचं. इथं सूर हलव, तिथं श्वास लांबव, मध्येच एखादा हुंकार पेर. हजारो जणींनी सारखाच हेल काढला असेल तर तो या भेसळीतूनही तरून जायचा. एखाद्याच घरातली लकब मात्र बुडायची. कुठलाही एक माणूस त्या मिश्रणातून वजा केला तरी ऐकणाऱ्याला फरक कळता कामा नये, एवढं दाट धुकं. ते पुरेसं दाट आहे ना, हे रोहिणीनं रोज एकेका भागाची अंगाई ऐकून बघायचं असायचं. म्हणून तर ती ऑफिसात झोपायची!

त्या दुपारी तिनं दापोलीची अंगाई लावली होती. खिडकीचा पडदा उन्हानं पिवळा झाला होता, पंखा फिरत होता. पोटात झुणका-भाकर. कानात कुठल्या कुठल्या बायका-बाप्यांचे हुंकार एकमेकांत मिसळून वाहत होते. रोहिणीच्या मिटल्या डोळ्यांसमोर लाल मातीची एक वाट आली, वाटेच्या कडेला कुणाचं तरी अंगण, अंगणात वाळत घातलेली आमसुलं. ती त्या अंगणात जाऊन बसणार, इतक्यात एक ओळ संपली आणि तिथं बारीकसा आवाज आला.

टक.

मग क्षणभर शांतता, आणि पुढची ओळ सुरू.

रोहिणी ताडकन उठून बसली. तिनं तो भाग पुन्हा लावला. ओळ, टक, शांतता, ओळ. पुन्हा लावला. टक.

हा आवाज काय होता ते सांगायला जयसिंगपूरच्या एका दोन खोल्यांच्या घरात जावं लागेल. तिथं रोहिणीची आई मालन मगदूम ब्लाऊज शिवायची. थोरली चित्रा आणि धाकटी रोहिणी मशीनच्या पायाशी गोधडीवर, आणि आईचा पाय मशीनच्या पायडलवर. ती शिवता शिवता अंगाई म्हणायची, तिची तिनंच जुळवलेली:

नीज माझे बाय, ऊन गेलं पाराला,
सावली आली बाय, आपल्या गं दाराला.

पहिली ओळ संपायची तेव्हा शिलाईही संपायची. आई वाकून दोरा दातानं तोडायची, टक, आणि मग दुसरी ओळ. दोघी पोरींना वाटायचं, टक हा गाण्यातलाच भाग आहे. शाळेच्या गॅदरिंगला रोहिणीनं माइकसमोर ती अंगाई म्हटली आणि ओळ संपल्यावर प्रामाणिकपणे दातांवर दात आपटले. सगळी शाळा फिदीफिदी हसली. रोहिणीचा चेहरा रडवेला झाला. तेव्हा मुलींच्या रांगेतून चित्रा उभी राहिली आणि तिनंही ठणकावून केलं, टक! वर सगळ्या शाळेकडं असं बघितलं की हसणं बंद.

ही चूक करणाऱ्या जगात दोनच मुली होत्या. त्यातली एक आत्ता कोल्हापुरात हेडफोन कानाला दाबून बसली होती. दुसरी, चित्राआक्का, कित्येक वर्षं कुणाला दिसली नव्हती. आहे की नाही हेही माहीत नव्हतं.

आक्का आहे, रोहिणीला वाटलं. आक्का जिवंत आहे, दापोलीकडं आहे आणि तिला दुपारची झोप येत नाही.

नियमाप्रमाणं अशी एका माणसाची खूण मिश्रणात ऐकू आली की ताबडतोब ते मिश्रण बंद करायचं आणि वर कळवायचं. याला ते 'गळती' म्हणत. रोहिणीनं कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा अर्धा टाकून तिनं पुन्हा दापोली लावली. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत दुपारी तिला फार गोड झोप लागायची. स्वप्नात तीच लाल वाट, तेच अंगण. अंगणात आक्का पाठमोरी बसलेली असायची, केस मोकळे सोडून. "तोंड फिरव की गं," रोहिणी म्हणायची. आक्का फिरणार एवढ्यात इम्तियाजचा चहा यायचा.

रविवारी ती जयसिंगपूरला गेली. आईच्या हृदयाची एक झडप निकामी व्हायला आली होती. चार पावलं चालली तरी धाप लागायची. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशन लवकर करा म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि आई काही हलत नव्हती.

"आई, तारीख घेऊ का?" रोहिणीनं आल्या आल्या विचारलं.

"हातपाय तरी धू की आधी. तारीख कुठं पळून जात न्हाई."

"तारीख जात नाही, तू जाशील."

"जाईन तर जाईन. चित्री आली की मी आपल्या पायानं जाती दवाखान्यात. तिचं तोंड बघितल्याबिगर मला भूल देऊ नका. परत डोळं उघडलं न्हाईत म्हंजे?"

शिलाई मशीनवर चादर घातलेली होती. आक्का गेल्यापासून आईनं ते चालवलं नव्हतं. म्हणायची डोळ्यांनी दिसत नाही. सुईत दोरा ओवताना मात्र तिला चष्मासुद्धा लागायचा नाही, पण ते कोण बोलून दाखवणार?

"तू येवढी कंप्युटरातली," आई नेहमीचं पालुपद सुरू करत म्हणाली, "लोकांच्या घोरण्याचाबी हिशोब ठेवता म्हणं तुम्ही. तुला तुझ्या भणीचा एक पत्ता गावंना व्हय?"

रोहिणीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं. कारण पत्ता या शब्दानं त्या घरात काय केलं होतं ते तिला माहीत होतं.

चित्रानं प्रमोदशी लग्न स्वतःच्या मनानं केलं होतं. वर्षभरात ती अंगावर वळ घेऊन माहेरी आली. आई म्हणाली, थोडं दिवस ऱ्हा, मग बगू. पण प्रमोदचे फोन सुरू झाले तशी चित्रा सांगलीला मैत्रिणीकडं निघून गेली आणि जाताना एवढंच म्हणाली, "आई, मी कुठंय हे कुणाला म्हणजे कुणालाच सांगू नकोस." मग प्रमोद आला. पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. आईच्या पायांवर डोकं ठेवलं. "फक्त कुठं आहे एवढं कळू दे, मामी. एकदा बघायचंय." आई विरघळली. नवरा-बायकोचं हाय, मिटंल, असं म्हणून तिनं पत्ता सांगितला. मैत्रिणीच्या दारात त्या दिवशी काय झालं ते शेजारच्यांनी नंतर सांगितलं. चित्राचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात ती तिथूनही नाहीशी झाली आणि यावेळी जाताना कुणाला काही सांगून गेली नाही, आईलाही नाही, रोहिणीलाही नाही.

आईनं वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं हो. लेकीचा संसार सावरावा म्हणूनच सांगितलं होतं. प्रमोद पुढंही दोन-तीनदा येऊन गेला, आक्काचा पत्ता मागत. तेव्हा सांगायला आईकडं काही नव्हतंच.

सोमवारी रोहिणी सरळ इम्तियाजच्या टेबलापाशी गेली.

"दापोलीत गळती आहे," ती म्हणाली.

इम्तियाजनं हेडफोन लावला, ऐकलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग कितीतरी वेळ नुसता कीबोर्ड बडवत राहिला. शेवटी मागं रेलून हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

"ताई, रागावू नका, पण हे तुमच्या पानामुळं झालंय."

"माझ्या?"

"आपण कुणाला ओळखत नाही ना! उद्या परत आलात तरी नवेच पाहुणे. ही बाई रोज येते. कधी दिवसातनं दोनदा. आणि दर वेळी आपलं यंत्र तिला नवी बाई समजतंय. एकीची लकब असती तर धुक्यात बुडाली असती. पण यंत्राला वाटलं की दापोलीत गल्लीच्या गल्ली आहे अशी टक करणाऱ्या बायकांची. म्हणून त्यानं ती लकब तिथली समजून ठेवली." तो थांबला. "एकटीच आहे ती, ताई. पण इतक्यांदा म्हटलं की तिची गर्दी झाली."

रोहिणी खाली बसली. एवढ्या वेळा, तिच्या मनात आलं, आक्का एवढ्या वेळा आईची अंगाई म्हणते. तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

"ती माझी बहीण आहे, इम्तियाज."

मग तिनं सगळं सांगितलं. टक, गॅदरिंग, प्रमोद, आईची झडप, सगळं. इम्तियाज मनानं मऊ माणूस. त्याची स्वतःची आई मागच्याच वर्षी गेली होती.

"मग उघडूया की," तो हळूच म्हणाला.

उघडायचं म्हणजे काय ते सांगतो. पाहुण्यांचं मूळ गुणगुणणं, ते कुठल्या कनेक्शनवरून आलं त्यासकट, महिनाभर एका कुलूपबंद साठ्यात असायचं आणि मग आपोआप जळून जायचं. गळतीची चौकशी असेल तरच तो साठा उघडायचा, आणि त्याला दोन किल्ल्या लागायच्या. एक इम्तियाजची, एक रोहिणीची. दापोलीचं कुठलं घर, कुठली गल्ली, पाच मिनिटांत कळलं असतं. गळती तर खरीच होती. कुणी बोट दाखवलं नसतं.

इम्तियाजनं आपली किल्ली लावली. पडद्यावर रोहिणीच्या अंगठ्यासाठी एक गोल उमटला.

"मला तिला त्रास द्यायचा नाही," रोहिणी पुटपुटली. "फक्त कुठं आहे एवढं कळू दे. एकदा बघायचंय."

आणि तिचा अंगठा तिथंच हवेत थांबला.

हे शब्द तिनं ऐकले होते. अगदी हेच, याच क्रमानं, घराच्या पायरीवर बसलेल्या माणसाच्या तोंडून. तो रडत होता आणि त्याचं रडणं तेव्हा खरं वाटलं होतं. आपलंही खरंच आहे की, रोहिणीला वाटलं. आईचंही खरं होतं. आक्काचा हात मोडायला एवढं सगळं खरं पुरेसं झालं होतं.

"किल्ली काढ," ती म्हणाली.

"ताई, आई..."

"काढ म्हणते ना! न उघडता धुकं दाट करता येतं का?"

"येतंय की. फोनलाच मोजायला लावायचं. एका फोनवरनं महिन्यात कितीही वेळा आलं तरी एकच धरायचं. फोन कुणाचा ते आपल्याला कळायचं कारण नाही." इम्तियाज थोडा घुटमळला. "पण हे केलं की टक गेली, ताई. परत ऐकू येणार नाही."

"माहीत आहे."

"कळवलंच पाहिजे का? गुपचूप करून टाकतो."

"ऐकणाऱ्यानं ऐकलंय. मी ओळखलं तसं आणखी कुणी ओळखेल. तिला कळायला नको, की तिचं काय सांडलं?"

कंपनीच्या प्रमुख वसुंधरा चौगुले यांनी डोक्याला हात लावला. आधीच बाजारात स्पर्धा, त्यात ही कबुली! पण पानावर लिहिलं होतं, आणि पान कंपनीच्या नावानं होतं: आमच्या चुकीनं तुमचं काही उघडं पडलं तर काय पडलं, कसं पडलं आणि ते कुणाला कळलं हे आम्ही तुम्हाला सांगू. सांगायची सोयही इम्तियाजनं करून ठेवलेली होती. सूचना दापोलीच्या सगळ्याच पाहुण्यांच्या फोनवर जाणार, पण गुंडाळलेली. गळलेला आवाज आपल्या धन्याच्या गुणगुणण्याशी जुळतोय का हे ज्याचा त्याचा फोन आतल्या आत तपासणार. जुळला तरच सूचना उलगडणार. ती कुठं उलगडली हे कंपनीला कधीच कळणार नाही.

रोहिणी सूचना लिहायला बसली. आधी तिनं लिहिलं, आक्का, आई फार आजारी आहे. ते पुसलं. मग लिहिलं, तुझी खूप आठवण येते. तेही पुसलं. हातात कंपनीचा भोंगा आहे म्हणून त्यातून स्वतःच्या घरची हाक मारायची, हे काही बरोबर नव्हतं. जे घडलं तेवढंच लिहायचं. बराच वेळ ती नखं कुरतडत बसली आणि मग एका दमात लिहून तिनं कागद चौगुले मॅडमसमोर ठेवला.

"तुम्ही गुणगुणताना ओळीच्या शेवटी दोरा तोडल्यासारखा आवाज करता. आमच्या चुकीमुळं तो दापोलीच्या अंगाईत ऐकू येत होता. तुम्ही वरचेवर येत होता आणि आम्ही तुम्हाला पुष्कळ जणी समजलो. अंगाईत ऐकू येणारा तो आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता, तुमचाच होता. चूक आता दुरुस्त केली आहे. तुम्ही कुठून येता हे आम्ही शोधलेलं नाही. आमच्या माहितीप्रमाणं हा आवाज एका व्यक्तीनं ओळखला. तिनं तुम्हाला शोधलेलं नाही आणि एका सहकाऱ्याखेरीज कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुमचं सगळं पुसून हवं असेल तर खाली बोट ठेवा. रोहिणी मगदूम, खासगीपणा अधिकारी."

मॅडमनी चष्मा सरकवला. "हे 'आईलाही नाही' काय आहे?"

"वस्तुस्थिती आहे, मॅडम."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं. त्यांनी इम्तियाजकडून ऐकलं होतं की नव्हतं, देव जाणे. त्यांनी पेन उचललं, त्या दोन शब्दांवर क्षणभर धरलं आणि परत ठेवून दिलं. "जाऊ दे हे असंच," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोहिणीनं दापोली लावली. हुंकार, लाटेसारखे हेल, कुणाचं तरी अर्धवट हसू. ओळ संपली आणि लगेच पुढची ओळ आली. मध्ये काही नव्हतं. इम्तियाजनं काम चोख केलं होतं. त्या दिवसापासून ऑफिसातल्या झोपाळू बाईला ऑफिसात झोप येईना. डोळे मिटले तरी ती लाल वाट दिसायची नाही. नुसतं धुकं.

आईची धाप वाढत चालली होती. मिरजेहून डॉक्टरांचा निरोप आला की आता थांबण्यात अर्थ नाही. आई म्हणाली, मला काय घाई न्हाई.

आणि मग एका दुपारी पडद्यावर विनंती येऊन पडली. नाव नाही, गाव नाही. गळतीच्या सूचनेखाली कुणीतरी बोट ठेवलं होतं. माझं सगळं पुसून टाका.

रोहिणी त्या ओळीकडं बघत राहिली. उत्तर आलं तर असं. आक्कानं नाव वाचलं होतं, कुणी ओळखलं ते तिला कळलं होतं आणि तरी तिला पुसलं जायचं होतं. रागानं? भीतीनं? कारण विचारायची जागा त्या पानावर नव्हती. रोहिणीनंच ठेवली नव्हती. का पुसायचं हे विचारणं म्हणजेही चौकशीच, असं तेव्हा तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

कुलूपबंद साठ्यात आक्काच्या आवाजाचे जे काही तुकडे उरले होते ते जगातले तिचे शेवटचे तुकडे होते, निदान रोहिणीपुरते. ऐकता येणार नव्हते, पण ते आहेत एवढा तरी आधार होता. इम्तियाजनं आपली किल्ली लावली. यावेळी रोहिणीनं अंगठा टेकवला. पडदा एकदा पांढरा झाला आणि पुन्हा होता तसा झाला.

"झालं," इम्तियाज म्हणाला.

रोहिणी संडासात जाऊन नळ मोठा सोडून मनसोक्त रडली.

रविवारी ती जयसिंगपूरला पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गल्ली पेंगत होती. घराजवळ येता येता तिला एक आवाज ऐकू आला, जो तिनं इतक्या वर्षांत ऐकला नव्हता आणि जो तिच्या हाडांत मुरलेला होता. खडखड खडखड, मध्येच सावकाश, पुन्हा खडखड. शिलाई मशीन! आईला या धापेत हे काय सुचलं म्हणून ती चिडूनच पायऱ्या चढली.

आई कॉटवर उशीला टेकून बसली होती. मशीनवर कुणीतरी दुसरंच होतं. पाठमोरी बाई, केसांत बऱ्यापैकी पांढरं. ओळ संपावी तशी शिलाई संपली. बाईनं वाकून दोरा दातानं तोडला.

टक.

"तोंड फिरव की गं," रोहिणीच्या तोंडून निघून गेलं.

आणि चित्रानं तोंड फिरवलं.

दोघी एकमेकींच्या दंडांना धरून उभ्या राहिल्या. शेवटी आईच ओरडली, "आगं, मला बी बघू द्या की! मधी उभ्या ऱ्हायल्यात म्हशीवानी."

"पुसून टाक म्हणालीस," रोहिणी म्हणाली. तिला अजून ते सलत होतं. "मला वाटलं, आता तू कधीच..."

"मग काय करू? तिथं काय ठेवायचं होतं आता?" चित्रा म्हणाली. तिचा आवाज जाडा झाला होता, बोलण्यात कोकणातला हेल आला होता. "दुपारी ते लावलं की टक ऐकू यायची. मला वाटायचं, इथं जवळपास आणखी कुणाची तरी आई शिवते. रोज म्हणायचे, रोज ती परत साथ द्यायची. तेवढ्यावर किती दुपारी गेल्या माझ्या. आणि मग तुझी चिठ्ठी आली. दुसऱ्या कुणाचा नव्हता, तुमचाच होता." ती हसली आणि हसता हसता तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या दिवशी फार एकटं वाटलं बघ, रोहिणी. मग पुढं वाचलं, आईलाही नाही. म्हटलं, चला. या घरात आता कुणालातरी तोंड बंद ठेवता येतं."

आई खाली मान घालून ऐकत होती. तिनं उशाखालची पिशवी पुढं ओढली. त्यात तिचे मिरजेचे सगळे रिपोर्ट आणि दोन धुतलेली लुगडी आधीच भरून ठेवलेली होती. "उद्या तारीख घे," ती रोहिणीला म्हणाली.

मग ती चित्राकडं वळली. एकदा मोडलेला तिचा हात तिनं हलकेच चाचपून बघितला.

चित्रा कॉटच्या कडेला बसली. "आई, मी बरी आहे. स्वतःचं मशीन घेतलंय. समुद्र जवळ आहे माझ्या घरापासनं. गावाचं नाव..."

आईनं दोन्ही हात उचलून स्वतःच्या कानांवर घट्ट दाबून धरले.

"सांगू नगंस," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "मला सांगू नगंस बाय. तू आपली येत जा."

रोहिणी पाणी आणायला म्हणून उठली. दाराशी चित्राच्या चपला पडल्या होत्या. तळव्यांना लाल माती चिकटून वाळली होती, जयसिंगपुरात कुठं मिळणार नाही अशी. तिनं एकदा गल्लीत दोन्ही बाजूंना बघितलं. मग ओलं फडकं आणलं, उंबऱ्यावर बसली आणि चपला उलट्या करून सगळी माती स्वच्छ पुसून काढली.